पुरो

माझ्या आजोळी 'पुरो' हा शब्द दोन ठिकाणी ऐकू यायचा, जेवताना आणि फेणीच्या भट्टीवर. जेवतानाचा 'पुरो' कोणीही म्हणे आणि वाढणारी आजी तो कधीच ऐकत नसे, आणखी एक डाव भात पानात पडायचाच. भट्टीवरचा 'पुरो' मात्र एकट्या आजोचा. आजोबांना तिकडे आजो म्हणतात. तो 'पुरो' म्हणाला की मामाने चुलीतली लाकडं मागे ओढायची आणि नळीखालचं मडकं उचलायचं. कोणी 'आणखी थोडं निघेल' असं म्हणत नसे.

आजोळ गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे. आम्ही सावंतवाडीचे. मे महिन्यात आई मला घेऊन माहेरी जायची. गाव यायच्या आधी वास यायचा. पिकलेल्या काजूबोंडांचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगणं कठीण आहे. गोड म्हणावा तर त्यात आंबट असतं, आंबट म्हणावा तर घशात काहीतरी खरखरतं. वडील त्याला सरळ घाण म्हणायचे. सुट्टी संपवून आम्ही घरी परतलो की माझी दुसरी आजी, वडिलांची आई, आमच्या कपड्यांची ट्रंक पडवीतच उघडायला लावायची. आईची लुगडी दोनदा धुतली जायची. बोंडाच्या रसाचे तपकिरी डाग काही निघायचे नाहीत, ते कापडाबरोबरच फाटायचे.

पहाटे डोंगरावर जायचं. एक नियम होता, झाडावरचं बोंड तोडायचं नाही. पिकून आपसूक पडलेलंच घ्यायचं. काठीच्या टोकाला खिळा असायचा, त्याने वाकल्याशिवाय बोंड टोचून उचलता येई. बी पिरगाळून काढायची आणि वेगळ्या टोपलीत टाकायची. बी म्हणजे रोकडा. ती उन्हात वाळायची, व्यापारी यायचा, दुकानातली उधारी फिटायची. बोंड बीपेक्षा सहा ते दहा पट जड, पण त्याला गिऱ्हाईक नाही. सकाळी पडलेलं बोंड संध्याकाळी मऊ पडतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या घोंघावतात.

फेणीचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो. बोंड थांबत नाही. ते गाडीत भरून दूरच्या कारखान्यात नेईपर्यंत त्याचं पाणी होतं. म्हणून भट्टीलाच बोंडाकडे जावं लागलं, डोंगरावर, झाडाखाली. हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी लागतो आणि मेमध्ये पहिला वळीव आला की आटोपतो. वर्षातले तीन महिने चालणारा धंदा, तोही ज्याच्या त्याच्या डोंगरापुरता. असा धंदा वाढला तर एका जागी फुगत नाही, वाडीवाडीवर पसरतो.

आजोची कोळंबी चिऱ्याच्या कातळात खोदलेली होती. उथळ हौदासारखी, एका अंगाला कललेली, खाली रस वाहून जायला भोक. ती कोणी खोदली ते आजोलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आज्यानेही ती आयतीच पाहिली होती म्हणे. मामा आणि एक गडी पाय धुऊन तीत उतरायचे आणि बोंडं तुडवायचे. तुडवलेला चोथा हाताने गोळा करून त्याचा ढीग रचायचा, त्याला रानवेल गुंडाळायची आणि वर दगड ठेवायचा. त्या दाबाने रात्रभर जो रस ठिबकायचा तो नीरो. सकाळी तो गार असायचा, स्वच्छ, मधासारख्या रंगाचा. आम्हा मुलांना भांडंभर मिळायचा. ऊन वर आलं की त्याची चव बदलायची आणि मग आजी भांडं काढून घ्यायची.

तुडवलेला रस मडक्यांत भरून ठेवायचा. त्यात काही घालायचं नाही. गूळ नाही, साखर नाही, आंबवण नाही. हवेत आणि बोंडाच्या सालीवर जे असेल तेच कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी रस फसफसायला लागे. आजो मडक्याला कान लावायचा. मीही लावायचे. आत पाऊस पडत असल्यासारखा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशीच्या सुमाराला तो आवाज मंदावला की रस भट्टीवर चढायचा.

रस ज्यात उकळायचा ते भाण तांब्याचं होतं, बाहेरून काळं कुळकुळीत. आजोच्या लहानपणी मातीचं असायचं. झाकणाची फट वारुळाची माती ओली करून लिंपायची. साधी माती तापली की तडकते, वारुळाची तडकत नाही. एकदा गड्याने आळसाने शेतातली माती लावली. भर तापात झाकण एका अंगाने उचललं गेलं आणि थोरल्या मामाच्या हातावर वाफ आली. कोपरापर्यंतचं कातडं सोलून निघालं होतं. तेव्हापासून माती आजीच आणायची आणि आजीच लिंपायची.

भाणातून नळी निघून दुसऱ्या मडक्यात जायची. ते मडकं पाण्यात अर्धं बुडवलेलं. आत आलेली वाफ निवावी म्हणून वरून सतत पाणी ओतावं लागे. हे काम बायकांचं. करवंटीच्या डवल्याने आजी पाणी ओतत बसायची, दोन-दोन तास. चव घ्यायला, जाळ बघायला, मडकं बदलायला पुरुष. आजीने कधी थेंब जिभेला लावला नाही. निदान मी तरी पाहिला नाही.

मडक्यात जे जमायचं ते पसाभर घेऊन आजो चुलीत भिरकावायचा. सुरुवातीला निळा भपका उठायचा. आम्ही मुलं तेवढ्यासाठीच तिथे घुटमळायचो. मग भपका बुटका होत जाई. आणि एक पसा असा पडे की नुसता चर्र आवाज येऊन निखारा काळा पडायचा. त्याच्या एक पसा आधी आजो 'पुरो' म्हणायचा. आधी. नंतर नाही. नंतर कोणालाही कळतं, असं तो म्हणे.

पहिल्या धारेचा तो हुर्राक. हलका, पंधराएक ग्रावाचा. ग्राव हे पोर्तुगीजांचं माप, दारूची ताकद मोजायचं. पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं उलटली तरी माप तेच आहे. हुर्राक टिकत नाही, हंगामातच संपवायचा. तोच पुन्हा भाणात घालून गाळला की फेणी, एकोणीस-वीस ग्रावाची. आजोच्या बापाच्या काळी तीनदा गाळायचे आणि मधल्या टप्प्याला काजुलो म्हणायचे. इतकी लाकडं आणि इतका वेळ आता कोणाला परवडणार? फेणी हे नाव फेणावरून, म्हणजे फेसावरून. उंचावरून करवंटीत ओतली की कडेने बुडबुड्यांचं कडं उभं राहतं. ते किती वेळ टिकतं यावरून जुने लोक ग्राव सांगायचे आणि त्यात फारसे चुकायचे नाहीत.

काजू आपल्याकडे आला कसा, याची आजोची स्वतःची गोष्ट होती. एका पाद्र्याला डोंगरावरून माती वाहून जाताना दिसली, त्याने देशाहून बी मागवली आणि उधळली. आजोच्या मते पाद्री मूळचा दारुडा असणार, मातीचं नुसतं निमित्त. पाद्र्याचं मला ठाऊक नाही, पण झाड ब्राझीलचं, हे खरं. तिथले तुपी लोक त्याला अकाजू म्हणत, पोर्तुगीजांनी काजू केलं आणि आपण ते तसंच ठेवलं. गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यात बसून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो गोव्यातच 1563 साली छापला गेला. त्यात माड आहे, आंबा आहे, फणस आहे, काजू नाही. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाव द कोश्ताने काजूचं वर्णन केलं, ते कोचीच्या बागांत पाहून. म्हणजे आपण ज्याला कोकणचा मेवा म्हणतो ते झाड शिवाजी महाराजांच्या जन्माआधी जेमतेम पन्नास-साठ वर्षं या किनाऱ्यावर आलेलं.

पण ओर्ताच्या ग्रंथात दुसरी एक गोष्ट आहे. ती वाचली तेव्हा मी वाचनालयात एकटीच हसले. माडाची सूर काढून ती गाळतात, असं तो लिहितो. तिच्यात कापड बुडवून पेटवलं तर ते पेट घेतं. त्यातल्या उत्तम भागाला लोक फुला म्हणतात, म्हणजे फूल, आणि उरलेल्याला ओराका. ओराका म्हणजे आपला हुर्राक! नाव अरबी अरकावरून आलेलं. म्हणजे काजू यायच्या आधी भट्टी होती, हुर्राक हा शब्द होता, जाळावर पारखायची रीत होती. रेंदेर माडावर चढून सूर काढत होते आणि माडाची फेणी गाळत होते. काजू आला तो तयार घरात सून यावी तसा आला. भाण तेच, नळी तीच, पारख तीच. आजोने चुलीत भिरकावलेला पसा चारशे वर्षं जुना होता आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला कधी सांगूही शकले नाही, तो 1984 सालीच गेला.

आजोच्या आज्याच्या तोंडची एक गोष्ट घरात चालत आलेली होती, 'इंग्रेजांची बारा वर्षां'. मला ती लहानपणी कळायची नाही. गोव्यात इंग्रज कुठून आले? पुढे कळलं. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि 1880 ते 1892 अशी बारा वर्षं तो चालला. मुरगावची रेल्वे त्यातलीच. बदल्यात गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि दारूवर मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी आली. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही 1878 चाच. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीत सगळं आणायचं, म्हणजे कर मोजायला सोपं, असा तो हिशेब. ठाणे-कुलाब्यात तर 1892 च्या कायद्याने मोहाची फुलं घरात साठवण्यावरही बंदी आली. फुलं! ज्यांच्या घरात उन्हाळ्याची ती बेगमी असे त्यांच्या.

सत्तरीत त्या बारा वर्षांत काय झालं? आजोच्या आज्याची गोष्ट एवढीच सांगते की शिपाई आले की भाण विहिरीत सोडायचं आणि ते गेले की वर काढायचं. एकदा दोर तुटला. भाण विहिरीतच राहिलं आणि त्या हंगामात बोंडं कुजली. तह संपल्यावर विहीर उपसून ते काढलं, तर आत मासे राहत होते. मासे खरे की आजोने घातलेले, देव जाणे. दर वर्षी त्यांची संख्या वाढायची.

आजोच्या स्वतःच्या गोष्टी सीमेच्या. सावंतवाडी संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि 1950 मध्ये मोरारजीभाईंची दारूबंदी लागली. एका रात्रीत सीमेच्या त्या बाजूला सगळं कोरडं आणि या बाजूला पोर्तुगीज राजवटीत भट्ट्या पेटलेल्या. मधे फक्त जंगल. गावातले तरणे पोरगे रात्री डोंगर ओलांडायचे. जाताना फेणी, येताना तांदूळ किंवा कापड. आजो स्वतः गेला होता की नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. पण कुठल्या पाणंदीत रानडुक्कर आडवं येतं आणि कुठल्या वळणावर गस्तीचा शिपाई बिडी ओढतो हे त्याला फार नेमकं माहीत होतं. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर सीमा आवळली गेली. आजोच्या बहिणी पलीकडच्या गावांत दिलेल्या होत्या, त्या सहा वर्षं भेटल्या नाहीत. गोवा मुक्त झाल्यावर बहिणीकडे तो पहिल्यांदा गेला तो दिवसा, मुख्य रस्त्याने. याचं त्याला फार अप्रूप. माझ्या आईचं लग्न 1963 चं. जावई सावंतवाडीचा मास्तर, दारूचा तिटकारा असलेला. आजोला तो आवडला होता. घरात एक तरी शुद्धीवरचा माणूस हवा, असं तो म्हणायचा.

हा विनोद नव्हता. थोरला मामा प्यायचा. भाजलेल्या हाताचं निमित्त त्याला आयुष्यभर पुरलं. आजी भट्टीवर पाणी ओतायची पण घरात बाटली ठेवू देत नसे. फेणीचे गराफांव, ते ढेरपोटे काचेचे बुधले, गोठ्याच्या मागच्या खोपीत कुलपात असायचे. किल्ली तिच्या कमरेला. तरी मामाला मिळायची. दारू गाळणाऱ्याच्या घरात दारू मिळत नाही असं कधी झालंय? तो बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्या हंगामात आजो भट्टीकडे फिरकला नाही, पण बोंडं पडतच होती. आठव्या दिवशी आजीने आपणहून वारुळाची माती आणून ठेवली. फेणीला आता वारसा म्हणतात, म्हणोत. मला त्या शब्दाबरोबर ती माती आठवते.

असो. फणसाची गोष्ट सांगायची राहील.

महाराष्ट्रात तेव्हाही परवान्याशिवाय दारू नेणं गुन्हा. आणि आमच्या सावंतवाडीच्या आजीला थंडीत छातीला चोळायला फेणी लागायची! ट्रंक पडवीत उघडायला लावणारी हीच ती आजी. फेणी म्हणायची नाही, 'ते औषध' म्हणायची. आई दर वर्षी दोन बाटल्या आणायची, कपड्यांत गुंडाळून. प्रश्न वासाचा. बूच कितीही घट्ट बसवलं तरी फेणी स्वतःची ओळख दिल्याशिवाय राहत नाही. त्यावर आजोने तोड काढली होती. बाटल्या पिशवीच्या तळाला, वर कोकमाची सोलं, आणि सोलांवर पिकून फुटलेला रसाळ फणस. दोडामार्गच्या नाक्यावर एसटी थांबली की शिपाई चढायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या वर्षी शिपाई आमच्या बाकाशी येऊन थांबला, नाक उडवलं, पिशवीकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढरा. "बाई, काय आहे यात?" "फणस." "बरका की कापा?" "बरका." "द्या बघू दोन गरे." आईने थरथरत्या हाताने गरे काढून दिले. शिपायाने ते तिथेच उभ्याने खाल्ले, आठळ्या खिडकीतून फेकल्या, खिशातून मळका रुमाल काढून हात पुसले आणि म्हणाला, "वास मात्र भारी आहे हो तुमच्या फणसाला." खाली उतरताना त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. आईला मी हे तेव्हा सांगितलं नाही.

आजोनंतर भट्टी धाकट्या मामाकडे आली. पाण्याचा डवला मामीकडे. दर वर्षी अबकारी खातं काजूचे झोन पावणीला काढतं, तिकडे लिलावाला पावणी म्हणतात. मामा पावणीला जायचा, परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. फेणी तेव्हा कायद्याने देशी दारू, त्यामुळे गोव्याबाहेर विकायची सोय नव्हती. मुंबईच्या बारमध्ये मेक्सिकोची टकीला मिळायची, शेजारची फेणी नाही. पर्यटक एक घोट घेऊन नाक मुरडायचे. आणि काही ठिकाणी बाहेरच्या स्पिरिटला फेणीचा नुसता वास लावून बाटल्या भरल्या जायच्या, त्याने उरलंसुरलं नावही जायचं.

2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मामेभावाने ते वर्तमानपत्र कापून भट्टीच्या खांबाला चिकटवलं. मामाने वाचलं, विचारलं, "म्हणजे पावणी स्वस्त होतली?" नाही म्हटल्यावर तो पुन्हा कोळंबीत उतरला.

त्याच वर्षी पुण्यात डूलाली सुरू झाली, देशातल्या पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. माझा मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला. "आई, चल, तुला तुझं आजोळ दाखवतो," म्हणून घेऊन गेला. काचेमागे चकचकीत टाक्या. वेटरने कुठलं माल्ट, कुठली बीअर, कशात सफरचंद, सगळं पाठ म्हणून दाखवलं. बीअर चांगलीच होती, खोटं कशाला सांगू. पण मी सारखी त्या टाक्यांकडे बघत होते. कुठे काजळी नाही, चिखल नाही, वास नाही. जव वाळवलेलं, पोत्यात भरलेलं, महिनोन्‌महिने थांबायला तयार. ज्याचा कच्चा माल थांबतो तो शहरात दुकान मांडू शकतो, शाखा काढू शकतो. मामाचं बोंड दुपारपर्यंत थांबत नाही. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग फ्रीज घ्या ना." पुढच्या पिढीकडे सगळ्याला उत्तर असतं.

तरी बदल झाला. 2016 मध्ये गोव्याने फेणीला देशी दारूच्या यादीतून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला, 2021 मध्ये फेणीचं धोरणही आलं. हान्सेल वाझसारखा भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस या धंद्यात उतरला, त्याने कुंकळ्ळीला गराफांव मातीत पुरून तळघर केलं आणि लोक ते बघायला जातात. हुर्राकाचं तर वेडच लागलंय. मार्च लागला की लिम्का, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून तो पणजीभर मिळतो. वडील ज्याला घाण म्हणायचे त्याला आता लेबलावर गंध म्हणतात, त्यात पिकलेला अननस आणि ओली माती शोधतात. शोधोत बापडे. आजोने बाटली भरून घ्यायला आलेल्या एका शिकलेल्या पाहुण्याला सांगितलेलं मला आठवतं, "वास घे पयलीं, मागीर पी." म्हणजे गोष्ट तीच. फक्त आता तिचे पैसे येतात. मामेभाऊ थोडी फेणी बाटलीत भरणाऱ्या एका उत्पादकाला देतो, उरलेली गावात जाते. बाटलीवर डोंगराचं चित्र आहे. आमचा डोंगर नाही तो, पण बरा आहे.

आमच्या बाजूची स्थिती उलटी. 1990 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि सिंधुदुर्गात काजूच काजू झाला. आमच्याही कातळावर चुलत्यांनी वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची कलमं लावली. बी टपोरी, भाव बरा. आणि बोंडं? झाडाखाली थर. सकाळी बी पिरगाळून घ्यायची आणि बोंड तिथेच टाकायचं. एप्रिलमध्ये आमच्या बागेत पाय ठेवला की तोच वास येतो, फक्त पुढे काही होत नाही. थोडी बोंडं टेम्पोत भरून रात्री गोव्याकडे जातात असं म्हणतात, मी पाहिलेलं नाही. 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने काजूबोंडाच्या आणि मोहाच्या दारूला देशीऐवजी विदेशी मद्य म्हणायचं ठरवलं. मी हसले. पण काजू मूळचा ब्राझीलचाच, तेव्हा कारकुनाने अगदीच चूक केली असंही नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये मामाला कोरोना झाला. तब्येत निभावली, पण वास गेला. मी फोन केला तेव्हा मामी सांगत होती, कढी करपली तरी ह्यांना कळत नाही. हंगाम अर्धा उरलेला, बोंडं पडत होती. मामेभावाने काचेची नळी आणली, ग्राव दाखवणारी. ती बुडवायची, आकडा वाचायचा. मामा तिच्याकडे चोर पकडल्यासारखा बघायचा. आकडा आला तरी त्याचा हात पश्यासाठी मडक्याकडे जायचाच, पण चव नाही, वास नाही, जाळातला भपका तेवढा दिसायचा. आजोने शिकवलेलं 'आधी' त्याला सापडत नव्हतं.

मी गेले ती निर्बंध उठल्यावर, पुढच्या हंगामात. मामाचा वास थोडा परतला होता, तोही वेडावाकडा. फेणी त्याला जळक्या रबरासारखी येत होती आणि कॉफी अजिबात येत नव्हती. भट्टी पेटलेली. भाण अजून तेच, विहिरीत राहिलेलं ते हे नव्हे, पण आजोच्या हातचं. आता पाणी ओतावं लागत नाही, मामेभावाने तांब्याचं वेटोळं बसवलंय, ते पिंपातल्या पाण्यात बुडालेलं असतं. त्यामुळे मामीला भट्टीवर काम उरलेलं नाही. ती मागच्या दारात बसून सोलं वाळत घालत होती, आमच्याकडे पाठ करून. मामा आणि मामेभाऊ काचेच्या नळीवर वाकलेले. मामेभाऊ म्हणत होता, अजून एक ग्राव उतरायचाय, दहा मिनिटं जातील.

"पुरो," मामी म्हणाली.

मोठ्याने नाही. सोलं उलटी करता करता. मामेभावाने ऐकलं की नाही कोण जाणे. मामाने ऐकलं. त्याने आकड्याकडे पाहिलं नाही, पसा भरून जाळात टाकला. भपका उठला, बुटका, कडेला पिवळसर. मामाने वाकून एक लाकूड बाहेर ओढलं, मग दुसरं. मामेभाऊ "बाबा, अरे..." म्हणेपर्यंत तिसरंही निघालं होतं.

"किती वर्षांपासून कळतं गं तुला?" मी जेवताना मामीला विचारलं.

"कितें?" ती म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक डाव भात वाढला.